दुकानाची जागा हातची जाऊ नये म्हणून: महाराष्ट्रातल्या भाडेकरू दुकानदारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

वीस-तीस वर्षं एकाच गाळ्यात धंदा केलेल्या दुकानदाराच्या हाती मालकाच्या वकिलाची नोटीस पडते: "पंधरा दिवसांत जागा खाली करून शांततेत ताबा द्यावा." त्या रात्रीपासून घरात कुणाला धड झोप लागत नाही. पाठोपाठ एखादा मध्यस्थ येतो. "कोर्टात गेलात तर हाती काही लागणार नाही, आत्ता मिळतंय ते घ्या," असं सांगतो आणि घाबरलेला माणूस सही करून मोकळा होतो. हे टाळता येतं. नोटीस म्हणजे फक्त मालकाचं म्हणणं. जागा खाली करायला लावण्याचा अधिकार कोर्टाचा आहे, आणि तोही कायद्यात लिहिलेलं एखादं कारण पुराव्यानिशी सिद्ध झालं तरच.

राज्यात हा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात १९४७चा मुंबई भाडे कायदा होता, विदर्भ आणि मराठवाड्यात वेगळे नियम होते. जुन्या कायद्याने वर्षानुवर्षं गोठवलेलं भाडं अवाजवी असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितलं, आणि नव्या कायद्यात मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीचा हक्क मिळाला. भाडेकरूचं संरक्षण मात्र कायम राहिलं.

हे संरक्षण भक्कम आहे, पण त्याला अटी आहेत. मालकाला जागा परत मिळते ती पुष्कळदा भाडेकरूनेच पुरवलेल्या कारणावर. थकलेलं भाडं, परस्पर दुसऱ्याला चालवायला दिलेलं दुकान, महिनोन्‌महिने बंद असलेलं शटर, विचारल्याशिवाय बांधलेला पक्का पोटमाळा. म्हणून या लेखाचा मोठा भाग कोर्टाची पायरी चढण्याच्या आधी काय करायचं याबद्दल आहे.

पायरी १: तुमचा हक्क नेमका कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

सगळे दुकानदार स्वतःला भाडेकरू म्हणवतात, पण कायद्याच्या नजरेत ते एका रांगेत नसतात. घरातले सगळे कागद काढा आणि पुढच्यापैकी तुम्ही कुठे बसता ते पाहा.

जुनी पागडीची किंवा महिनेवार भाड्याची जागा असेल, मालकाच्या भाडेपावत्या तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर असतील आणि गाव भाडे कायद्याच्या अनुसूचीत (कायदा लागू असलेल्या गावांच्या यादीत) असेल, तर तुमची बाजू सर्वांत भक्कम. अशा भाडेकरूची मुदत संपली असं नुसतं म्हणून त्याला काढता येत नाही. करारात "भाडे कायद्याचं संरक्षण मला नको" असं लिहून घेतलेलं असलं तरी ते कलम टिकत नाही.

दुसरा प्रकार नोंदणीकृत भाडेपट्ट्याचा, म्हणजे पाच, नऊ किंवा अधिक वर्षांच्या लीजचा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. दुय्यम निबंधकांकडे नोंद न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर दहा वर्षांचा करार केला असेल, तर कोर्टात त्या दहा वर्षांच्या मुदतीवर हक्क सांगता येत नाही. भाडेकरूपण साधारणपणे महिन्याचं धरलं जातं. भाडे कायदा लागू असलेल्या जागेत त्यानेही संरक्षण जात नाही, पण कायदा लागू नसलेल्या जागेत हाच दोष महागात पडतो. तिथे महिनेवार भाडेकरूला कलम १०६ खाली १५ दिवसांच्या नोटिशीने काढण्याची वाट मोकळी होते.

तिसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांचे किंवा तीन-पाच वर्षांचे असे करार आज सर्वांत जास्त दिसतात आणि धोकाही इथेच जास्त. लायसन्स म्हणजे वापराची परवानगी. तिने भाडेकरूचा हक्क मिळत नाही. दस्ताचं नाव काय यापेक्षा व्यवहार खरोखर काय आहे हे पाहायचं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलं. ते प्रकरण दिल्लीतल्या एका हॉटेलात केशकर्तनालय चालवणाऱ्याचं होतं. जागेचा पूर्ण, एकट्याचा ताबा कुणाकडे आहे याला त्यात महत्त्व दिलं गेलं. तरीही दहा वेळा स्वतःच्या सहीने "मी लायसन्सी आहे" असं नोंदवून दिल्यावर उलटं सिद्ध करणं फार अवघड जातं. म्हणून जुन्या भाडेकरूंना एक कळकळीची सूचना: मालक "फक्त कागद अपडेट करू" म्हणून लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा पुढे करेल तेव्हा सही करू नका. त्या एका सहीने पिढ्यांचा हक्क धोक्यात येतो.

काही जागा भाडे कायद्याच्या बाहेरच आहेत. सरकारच्या आणि महापालिका-नगरपालिकांच्या मालकीच्या गाळ्यांना हा कायदा लागू नाही. तिथे जागेतून काढण्याचे वेगळे कायदे आणि वेगळे अधिकारी आहेत. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांनाही संरक्षण नाही. जागा देवस्थानाची किंवा अन्य सार्वजनिक न्यासाची असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. इमारतीचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. विश्वस्तांनी तोंडी दिलेला शब्द इथे कामाला येत नाही, परवानगीच्या आदेशाची प्रत मागा.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याचा धाक घालणारेही भेटतात. तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणालाही आपोआप लागू होत नाही.

पायरी २: फाईल बांधा

वाद नसतानाच हे काम करायचं. वाद सुरू झाल्यावर जुन्या पावत्या सापडत नाहीत आणि मालकाकडून नक्कल मिळत नाही.

फाईलमध्ये मूळ करार आणि त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा सारांश), सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी भाडेपावती, पागडी किंवा डिपॉझिट दिल्याचा पुरावा, गुमास्ता लायसन्स किंवा शॉप ॲक्टची पोच, वीजमीटरची जुनी बिलं, जीएसटी नोंदणीत जागेचा पत्ता, व्यवसायाचे परवाने, विमा, आणि मालकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार हवा. शॉप ॲक्टच्या नोंदणीने भाडेकरूपण सिद्ध होत नाही, पण अमुक वर्षापासून तुम्ही याच जागेत आहात हे दिसतं. जागेचं मोजमाप करून साधा नकाशा काढा. पोटमाळा, पुढचा ओटा, मागची खोली, स्वच्छतागृहाचा वापर, सगळं त्यात दाखवा आणि तारखेसह फोटो घ्या. पुनर्विकासाच्या वेळी वाद नेमका याच क्षेत्रफळावर होतो, म्हणून नकाशाला फाईलमध्ये मान द्या.

दस्त सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढता येते. मालमत्ता कराच्या नोंदीत भोगवटादार म्हणून नाव असेल तर तो उताराही जोडा.

भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. कागदच नाही म्हणून हक्कच नाही, असं मानून खचू नका.

पायरी ३: भाडं एकही महिना चुकवू नका, आणि भरल्याचा माग ठेवा

मालकाशी भांडण झालं की काही दुकानदार रागाने भाडं थांबवतात. गळती दुरुस्त करत नाही तर भाडं कशाला, असं त्यांना वाटतं. राग समजण्यासारखा आहे, पण हा मार्ग थेट मालकाच्या फायद्याचा आहे. कलम १५ चं सगळं संरक्षण एका वाक्यावर उभं आहे: भाडेकरू प्रमाणभाडं (कायद्याने ठरणारं भाडं) आणि कायदेशीर वाढ देत असेल, किंवा द्यायला तयार आणि राजी असेल, तोवर मालकाला ताबा मिळत नाही.

भाडं बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. रोख द्यावं लागत असेल तर पावतीशिवाय देऊ नका. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे आणि न देणं दंडनीय आहे. मालक हेतुपुरस्सर भाडं नाकारू लागला तर समजा की तो थकबाकीचा दावा तयार करतोय. अशा वेळी चेक पत्रासह स्पीड पोस्टाने पाठवा किंवा मनीऑर्डर करा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेलं पाकीट न फोडता तसंच जपा. बंद पाकीट कोर्टात उघडलं जातं तेव्हा त्याचं वजन वेगळंच असतं. नाकारलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवत जा, म्हणजे एकरकमी भरायची वेळ आली तर धावाधाव होत नाही.

वर्षाला ४ टक्के वाढ मालक मागू शकतो. त्याखेरीज वाढलेल्या मालमत्ता कराचा आणि काही सुधारणांचा बोजा ठराविक मर्यादेत टाकता येतो. मागणी वाजवी असेल तर ती देऊन टाका. शंभर-दोनशे रुपयांच्या वाढीवर अडून बसून थकबाकीदार ठरण्यात शहाणपण नाही. मागणी अवाजवी असेल तर कायदेशीर वाढीसह होणारी रक्कम पाठवा, पत्रात हिशेब लिहा आणि प्रमाणभाडं ठरवून घेण्यासाठी कोर्टात अर्ज करा.

दुरुस्तीसाठीही कायदेशीर वाट आहे. जागा नीट ठेवण्याचं कर्तव्य मालकाचं आहे. त्याला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. त्याने काहीच केलं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. बिलं, फोटो, कारागिराची सही, सगळं फाईलला लावा.

थकबाकी झालीच असेल तर कायदा दोन संधी देतो. मालकाने लेखी मागणीची नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय त्याला थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. या मुदतीत सगळी रक्कम भरा. तेही हुकलं आणि दावा दाखल झाला, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी वार्षिक १५ टक्के सरळव्याजाने कोर्टात भरा. पुढे दावा संपेपर्यंत दरमहा नियमित भरत राहा आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्या. मग थकबाकीच्या कारणावर हुकूमनामा (जागा खाली करण्याचा कोर्टाचा निकाल) होत नाही. इथे एक दिवसाचा उशीरही परवडत नाही, म्हणून समन्स मिळाल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पायरी ४: मालकाला कारण मिळू देऊ नका

कलम १६ मध्ये ताबा मागण्याची कारणं दिली आहेत. त्यातली चार दुकानदारांना वारंवार नडतात.

पहिलं पोटभाड्याचं. तब्येत साथ देत नाही, मुलं नोकरीला लागली, म्हणून दुकान महिना ठराविक रकमेवर दुसऱ्याला चालवायला दिलं जातं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय हे केलं की तुम्ही ताबा गमावण्याच्या वाटेवर आहात. "भागीदारी केली आहे" असा कागद करून हे झाकता येत नाही. भागीदारी खरी असेल, तुम्ही स्वतः धंद्यात असाल, हिशेब आणि बँक खातं तुमच्या नियंत्रणात असेल, तर ते पोटभाडं ठरत नाही. नुसता देखावा असेल तर कोर्ट पडद्यामागे पाहतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केलं आहे. म्हणून भागीदार घेतलाच तर नोंदणीकृत भागीदारीपत्र करा, आयकर विवरणपत्रात ते दिसू द्या आणि गल्ल्यावर स्वतः बसा. सीएच्या सल्ल्याने धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत बदलतानाही थांबून विचार करा. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असते. भाडेकरूपण तिच्या नावे गेलं की मालक त्याला हस्तांतरण म्हणू शकतो.

दुसरं बांधकामाचं. लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर ताबा जातो. पण प्रत्येक बदल कायमस्वरूपी नसतो. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, हवेसाठी खिडकी अशा गोष्टी, गरज असेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केल्या, तर त्या यात मोडत नाहीत. भिंत पाडून दोन गाळे एक करणं, काँक्रीटचा माळा घालणं, शटर पुढे सरकवणं या मात्र धोक्याच्या गोष्टी. मालक तोंडी "कर की" म्हणाला असेल तर त्याच दिवशी त्याला पत्र किंवा व्हॉट्सॲप संदेश पाठवून त्याचं लेखी उत्तर मिळवा.

तिसरं, जागा सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय बंद ठेवणं. मालक विजेची बिलं मागवून युनिट शून्य असल्याचं दाखवतो. आजारपण, घरातला मृत्यू, इमारतीची दुरुस्ती ही योग्य कारणं होऊ शकतात, पण त्यांचे कागद हवेत. शक्य असेल तर दिवसाचे दोन तास का होईना, दुकान उघडा. विक्रीची बिलं फाटू द्या.

चौथं, ज्या कामासाठी जागा घेतली त्याहून वेगळा वापर. करारात "दुकान" असं मोघम लिहिलं असेल तर मालाचा प्रकार बदलायला बराच वाव राहतो. "फक्त कापड व्यवसायासाठी" असं लिहिलेल्या जागेत भट्टी लावली तर अडचण होते. आधी लेखी संमती घ्या.

पायरी ५: वारसाची सोय हयातीत करा

भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळतं. तसं कुणी नसेल तर वारसाला, आणि वारसांचं एकमत नसेल तर कोणाला ते कोर्ट ठरवतं. म्हणून मुलगा, मुलगी, सून, जे कोणी दुकान सांभाळतं त्याचं नाव आत्तापासून कागदावर येऊ द्या. पगारपत्रक, भागीदारीपत्र, बँकेत सहीचा अधिकार, काहीही चालेल. मृत्युपत्रात भाडेकरूपण परक्या माणसाला लिहून देता येईल या भ्रमात राहू नका. तसं ते चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४चा निकाल आहे. मृत्यूनंतर लवकरात लवकर मालकाला लेखी कळवा आणि पावती नावावर करून मागा. तो टाळाटाळ करत असेल तरी भाडं स्वतःच्या खात्यातून पाठवत राहा.

पायरी ६: नोटीस आली की

नोटिशीवर मिळाल्याची तारीख लिहा आणि पाकीटही जपून ठेवा. घ्यायला नकार देऊ नका. योग्य पत्त्यावर आलेली नोटीस नाकारली तरी ती मिळाली असंच साधारणपणे मानलं जातं, आणि तुम्ही उत्तराची संधी गमावता. उत्तर वकिलामार्फत, प्रत्येक परिच्छेदाला धरून द्या. उत्तर न दिलेला आरोप पुढे मान्य केल्यासारखा मांडला जातो. थकबाकीचा आरोप असेल तर उत्तरासोबतच रक्कम पाठवा.

या काळात मालकाच्या माणसाने आणलेल्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. त्यात "शुभेच्छापत्र", "पोच" असं काहीही म्हटलेलं असो.

मालक एकतर्फी आदेश मिळवेल अशी भीती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं, मग नवीन करावं लागतं.

पायरी ७: दावा लढवताना

मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. इतरत्र लघुवाद न्यायालय असेल तिथे, नाहीतर दिवाणी न्यायालयात. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, द्यायची असते. ही तारीख आणि थकबाकी भरण्याची ९० दिवसांची तारीख वेगवेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका.

सगळं काही नीट असलेल्या दुकानदारावरही जो दावा होऊ शकतो तो मालकाच्या स्वतःच्या गरजेचा. मुलाला दवाखाना काढायचाय, स्वतःचा धंदा वाढवायचाय, असं मालक म्हणतो. ही गरज प्रामाणिक आणि वाजवी आहे हे त्याला सिद्ध करावं लागतं. त्याच्याकडे त्याच भागात दुसरे रिकामे गाळे आहेत का, त्याने अलीकडे एखादी जागा दुसऱ्याला भाड्याने दिली का, दाव्याआधी भाडेवाढीसाठी दबाव आणला का, हे शोधा. मालमत्ता कराचे उतारे आणि नोंदणीचे दस्त यातून बरंच बाहेर येतं.

गरज सिद्ध झाली तरी तेवढ्यावर काम संपत नाही. हुकूमनामा दिल्याने भाडेकरूची अडचण जास्त होणार असेल, तर कोर्ट तो नाकारू शकतं. इथे भाडेकरू फार वेळा कच्चे पडतात. "माझा धंदा बुडेल" एवढंच ते साक्षीत सांगतात. उलटतपासणीत प्रश्न येतो, "दुसरी जागा शोधलीत का?" आणि उत्तर "नाही" असतं. दावा सुरू झाला की आसपासच्या जागांची चौकशी खरोखर करा. दलालांना लेखी विचारा, मागितलेली भाडी आणि डिपॉझिट नोंदवा, ती तुमच्या उलाढालीला का परवडत नाहीत हे विवरणपत्रांवरून दाखवा. ग्राहक याच रस्त्यावरचा आहे, परवाना याच पत्त्यावर आहे, किती माणसांचं पोट दुकानावर आहे, हे पुराव्याने मांडा. अर्ध्या जागेत मालकाचं भागत असेल तर कोर्ट तेवढ्यापुरताच ताबा देऊ शकतं, हा पर्यायही वकिलाला मांडायला सांगा.

गरजेच्या कारणावर जागा घेऊन मालकाने महिन्याभरात ती वापरात घेतली नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिली, तर जागा परत मिळावी असा अर्ज करता येतो. म्हणून हरल्यानंतरही त्या शटरवर लक्ष ठेवा.

निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस आहेत. मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे, बाहेर जिल्हा न्यायालयात. पण अपील करताना एक हिशेब मांडा. हुकूमनाम्याला स्थगिती देताना कोर्ट बाजारभावाप्रमाणे दरमहा भरपाई भरायला सांगू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ठरवून दिलं. पाचशे रुपये भाडं भरणाऱ्याला अचानक हजारोंची रक्कम भरावी लागू शकते. म्हणून तडजोडीची खरी ताकद हुकूमनाम्याच्या आधी असते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

पायरी ८: कुलूप तोडलं, वीज कापली तर

ताब्यात असलेल्या माणसाला, अगदी ज्याची लायसन्सची मुदत संपली आहे त्यालाही, कायद्याची प्रक्रिया सोडून बळाने बाहेर काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ आणि २००३ च्या निकालांत हे निःसंदिग्ध सांगितलं आहे. मालकाने स्वतःचं कुलूप लावलं किंवा सामान बाहेर फेकलं तर लगेच व्हिडिओ काढा, ११२ वर फोन करा, पोलिस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. "हा दिवाणी मामला आहे" असं उत्तर मिळालं तरी नोंद करून घ्या. धाकदपटशा आणि मोडतोड हा फौजदारी विषय आहे, आणि ती नोंद कोर्टात तुमच्या बाजूने बोलते. मारामारी मात्र करू नका.

ताबा गेलाच असेल तर विशिष्ट सहाय्य अधिनियम, १९६३ चं कलम ६ वापरा. ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत दावा लावायचा. त्यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही, फक्त तुम्ही ताब्यात होतात आणि कायदा डावलून काढलं गेलं एवढंच पाहिलं जातं. ताबा अजून तुमच्याकडे आहे पण धोका आहे, तर मनाई हुकमाचा दावा आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज एकाच दिवशी दाखल करा.

पाणी, वीज, जिना-पॅसेजचे दिवे, लिफ्ट, स्वच्छता यांपैकी काही मालकाने तोडलं तर भाडे कायद्याच्या कलम २९ खाली कोर्ट ते पूर्ववत करायला सांगतं. यात अंतरिम आदेशही मिळतो.

पायरी ९: "इमारत धोकादायक आहे"

जुन्या बाजारपेठांमधली खरी लढाई आता इथे आहे. पालिकेची नोटीस येते, इमारत सी-१ प्रवर्गात म्हणजे पाडण्यायोग्य ठरते, आणि भाडेकरूंना वाटतं की इमारतीबरोबर हक्कही गेला. तसं होत नाही. सांगलीतल्या एका प्रकरणात पालिकेने इमारत पाडल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये सांगितलं की इमारत नष्ट झाल्याने भाडेकरूपण संपत नाही, कारण भाड्याचा हक्क जमिनीशीही जोडलेला असतो.

मालकाने आणलेल्या संरचनात्मक अहवालावर विश्वास नसेल तर भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतःच्या अभियंत्याकडून अहवाल घ्यावा. मुंबईत दोन अहवाल परस्परविरोधी असले की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इमारत खरोखरच धोकादायक असेल तर मात्र हट्ट सोडा. आत ग्राहक आणि कामगार असतात. बाहेर पडण्याआधी पालिकेकडून प्रत्येक भाडेकरूचं नाव, मजला, वापर आणि क्षेत्रफळ यांची नोंद करून प्रत घ्या. पायरी २ मधला तुमचा नकाशा इथे पुढे करा.

पुनर्विकासाच्या करारात दुकानदाराने निवासी भाडेकरूंपेक्षा वेगळ्या गोष्टी मागायला हव्यात. क्षेत्रफळ तेवढंच मिळालं तरी ते मागच्या बाजूला किंवा पहिल्या मजल्यावर असेल तर धंदा संपतो. म्हणून तळमजला, रस्त्याकडचं तोंड, दर्शनी रुंदी, छताची उंची, फलकाची जागा, माल उतरवायची सोय नकाशावर सहीसह ठरवा. बांधकामाच्या मधल्या काळासाठी तुम्हाला मिळणारं भाडं धंद्याच्या जागेच्या दराने हवं, घराच्या दराने नव्हे. काम लांबलं तर ते दरवर्षी किती वाढेल आणि बँक हमी किती, तेही लिहून घ्या. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा हा करार नोंदणीकृत असावा आणि त्यावर विकसकासोबत मालकाचीही सही असावी.

पायरी १०: मालक बदलला किंवा बँकेचा फलक लागला

जागा विकली गेली तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो, तुमच्या अटी त्याच राहतात. विक्रीचा दस्त पाहून भाडं नव्या नावाने सुरू करा. तोवर जुन्या मालकाला सद्भावनेने दिलेलं भाडं वाया जात नाही.

मालकाने जागा गहाण ठेवून कर्ज बुडवलं असेल तर बँक सरफेसी कायद्याखाली (बुडीत कर्जासाठी गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली) ताबा घ्यायला येते. भाडे कायद्याने संरक्षित भाडेकरूला असं काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटलं. पण २०१९च्या निकालाने कागदाशिवायच्या भाडेकरूपणाकडे कडक नजरेने पाहिलं. गहाणखताच्या आधीच्या पावत्या आणि नोंदणीकृत करार ज्याच्याकडे आहेत त्यानेच निश्चिंत राहावं. बँकेची नोटीस चिकटली की कागदांसह लेखी हरकत घ्या आणि लगेच कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करा.

नवी लीज करत असाल तर

मुदतवाढीचं कलम नीट वाचा. "परस्पर संमतीने वाढवता येईल" या वाक्यात दुकानदाराला काहीच मिळत नाही, कारण मालक संमती देणारच नाही. "भाडेकरूच्या इच्छेनुसार आणखी पाच वर्षं, भाडं अमुक टक्के वाढवून" असं स्पष्ट हवं, कळवण्याची मुदत आणि पद्धत यासह. लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोघांनाही बांधणारा असावा. सजावटीवर केलेला खर्च मधेच निघावं लागलं तर कसा भरून मिळेल, जागा विकली तर खरेदीदारावर लीज बंधनकारक राहील, आणि डिपॉझिट ताबा देताना त्याच क्षणी परत मिळेल, एवढं लिहून घ्या.

जागा सोडायचंच ठरलं तर

कधी कधी पैसे घेऊन बाहेर पडणं हाच शहाणा निर्णय असतो. भाडेकरूपण सोडण्याबद्दल मोबदला घेणं १९९९च्या कायद्याच्या कलम ५६ ने कायदेशीर केलं आहे, त्यामुळे चोरून किंवा रोखीत व्यवहार करायची गरज नाही. रक्कम ठरवताना फक्त जागेचा भाव पाहू नका. दुसरीकडे बसायला लागणारं डिपॉझिट, सजावट, ग्राहक जमेपर्यंतचे महिने आणि कामगारांची देणी त्यात धरा, आणि कराबद्दल सीएला आधी विचारा. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून तिचा हुकूमनामा करून घ्या. सरेंडरच्या (भाडेकरूपण सोडल्याच्या) दस्तावर सही, पे ऑर्डर आणि किल्ली या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच वेळी व्हायला हव्यात. पुढच्या तारखेचा चेक घेऊन किल्ली देऊ नका. वीजमीटर, जीएसटी आणि शॉप ॲक्टवरचा पत्ता बदलून घ्या, आणि डिपॉझिट व मोबदला मिळाल्याच्या पावतीबरोबरच मालकाकडून कोणतंही येणं बाकी नसल्याचं पत्र घेऊन फाईल बंद करा.